दुसरं सॉकेट

पलंगावर वर्तमानपत्र, त्यावर मदरबोर्ड,
आणि मदरबोर्डवर दोन चौकोन,
शेजारी शेजारी, दोन्ही रिकामे.
भुसावळात एप्रिल अजून संपायचाय
आणि कूलरचं पाणी दुपारी चहाइतकं तापतं.

जळगावला, गोलाणी मार्केटात,
ललवाणीनं काउंटरवर आधी दोन डब्या ठेवल्या, मग एक.
"साडेपाचशेचे दोन घ्या, नाहीतर नऊशेचा एक.
पैसे तेवढेच.
बोर्ड घेऊन जा तोवर, ठरवून सांगा.
तुम्ही कुठं पळताय."

मला फार काही नको.
दिवसा लग्नपत्रिका: वारके, फेगडे, नारखेडे,
तळाशी पिंकी आणि गोलूचं
'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं'.
रात्री एक चित्र.
काचेचा गोळा, खाली काळ्यापांढऱ्या फरश्या,
वर कोरं आकाश.
जुनं मशीन एकेक किरण मोजत बसतं,
कुठून आला, कुठं आपटला, किती वाकला,
अकरा तास.
दहाव्या तासाला वीज जाते.

दोघं असले तर निम्म्यात, असं मी कागदावर मांडलं.
वरचा अर्धा याला, खालचा त्याला.
मग बघितलं तर वर नुसतं आकाश.
हा पाऊण तासात मोकळा, हात पुसून बसणार,
आणि काच सगळी त्याच्या वाट्याला.
विहीर एका भावाकडे, खडक दुसऱ्याकडे,
अशा वाटण्या गावात पाहिल्यात मी.
शिवाय रॅम एकच:
एक माठ, दोन तांबे, आणि माठाचं तोंड अरुंद.
पंखे दोन, धग दोन, इन्व्हर्टर मात्र तोच बापडा.
आणि माझं विंडोज अठ्ठ्याण्णव असं,
की दुसऱ्या खुर्चीवर कुणी बसलंय
हे त्याला जन्मात कळणार नाही.

दादा दारात. अंगात बनियन, हातात वाळ्याचा पंखा.
एकोणतीस वर्षं मालगाडी, भुसावळ ते इगतपुरी.
"डबल इंजिन का?"
"तसंच काहीसं."
"दोन जोडली म्हनून गाडी लवकर येत नाही.
माल डबल येतो.
तुले लवकर पाह्यजे का डबल?"

हे ललवाणीनं विचारलं नव्हतं.

रात्री गच्चीवर, यार्डातून डबे आपटल्याचे आवाज,
मी म्हटलं, मग तायडेकाका कशाला लागायचे तुम्हाला?
दादा थोडा वेळ गप्प.
"तो सिग्नल पाहायचा. मोठ्यानं म्हनायचा, हिरवा.
मग मी म्हनायचो, हिरवा.
दोघांनी म्हटल्याबिगर तो हिरवा नाही."
"वेळ जायचा की त्यात."
"जायचा."
आणि कूस बदलली.

गुरुवारी नऊशेचा एक आणला.
मला लवकर हवं होतं, वीज जायच्या आत. डबल नव्हतं.
तरी बोर्ड परत केला नाही.
ललवाणी म्हणाला, एका सॉकेटचा घ्या, स्वस्त पडेल.
मी म्हटलं, राहू द्या.
का, ते मला नीट सांगता आलं नसतं.

दुसऱ्या सॉकेटात धूळ जाऊ नये म्हणून
फेगड्यांच्या बिघडलेल्या पत्रिकेचा तुकडा कापला, बसवला.
बसवल्यावर दिसलं,
त्यावर 'यायचं हं' तेवढंच उरलंय.

बटण दाबलं. आधी काहीच नाही,
मग पंखा, मग एक बीप,
मग समोरचा इवलासा दिवा.
मागून दादा म्हणाले, हिरवा.

माझ्या तोंडात एक स्क्रू होता.
तो काढून हातात घेतला
आणि म्हटलं, हिरवा.
मग कूलर बंद केला,
एकटा पंखा कसा वाजतो ते ऐकायला.