तांबडं

मटन स्ट्रीटवर अस्गरअलीने वाटी उन्हात धरली
आणि बोलायचा थांबला.
बावीस वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदा.

मी कस्टम्समध्ये होतो.
खोकं उघडा, भाव लावा, शिक्का.
‘चिनी माती, शोभेची, नग बारा’
असं लिहून किती राजवाडे
गोदीच्या फाटकातून जाऊ दिले, देव जाणे.
कळायला लागलं ते निवृत्तीनंतर,
पेन्शनीवर.

वाटी खोरशेदबाईंच्या घरची.
त्यांचे खापरपणजे अफू घेऊन कँटनला गेले,
येताना चहा, रेशीम आणि ही.
शेवटची तीस वर्षं
हिच्यात कपड्यांचे चिमटे होते.

काठाशी पांढरी रेघ. तिथून रंग ओघळत
खाली आलाय, दाट होत होत,
आणि बुडाच्या कड्याला न शिवता
थबकलाय,
चपला हातात घेऊन उंबऱ्याशी उभ्या माणसासारखा.

लाल म्हणू नका हो. तांबडं म्हणा.
आपल्या शब्दाला आधीपासून ठाऊक आहे
की यात तांबं आहे.
तेच, ज्यात ताक ठेवलं तर कळकतं,
जे आईच्या बंबावर हिरवं धरायचं
आणि चिंचेने घासलं की दोन दिवस लाजायचं.
भट्टीत त्याचा श्वास कोंडला
तर ते असं पेटतं.
जरा हवा शिरली, हिरवं.
आच चढली, रंगच उडाला.
बादशहाकडे जायची त्यातली मोजकी,
उरलेल्यांवर हातोडी.

ही मोजक्यांतली नाही.
पोटाखाली अंगठ्याएवढा हिरवा डाग आहे.
म्हणजे कुणीतरी घाई केली,
आणि मग कुणीतरी (तोच असेल)
उचललेली हातोडी खाली ठेवली.
पुरावा काही नाही. मी असा भाव लावलाय.

लिलाववाला पोरगा भिंगातून बघून म्हणाला,
“काका, डाग नसता ना, तर दादरला फ्लॅट आला असता.”
कुमुदिनी तेव्हा चहा गाळत होती.
ती हसली, गाळणं कपावरून सरकलं,
चहा ओट्यावर.

रात्री दिवे घालवल्यावर वाटी काळी दिसते.
मी हाताने डाग शोधतो; तिथे काहीच लागत नाही,
सगळीकडे सारखीच गार, गुळगुळीत.

अस्गरअलीने वाटीबरोबर तळाशी राहिलेला
एक चिमटाही दिला होता. लाकडी, स्प्रिंग गंजलेली.
तोही ठेवलाय.