एकतारी

नळी क्रमांक चारशे सतरा.
उजवा गुडघा. स्त्री. वय अठ्ठ्याहत्तर.
नाव माझ्यापर्यंत पोचत नाही, तसा नियमच आहे.
पोचतं ते तीन मिलिलिटर वंगण,
वाळल्या गवताच्या रंगाचं, नितळ,
इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावरून
बर्फाच्या डब्यात बसून आलेलं.

पहिली परीक्षा यंत्राची नसते.
सुईच्या टोकावरून थेंब सोडायचा आणि बघायचं
किती लांबतो, कुठे तुटतो.
साखरेचा पाक दोन बोटांत धरून
तार आली का बघतात ना, तसंच.
धड सांध्याची तार बोटभर तरी झुलते.
हिची नखाएवढी झाली
आणि सुटली.

मग यंत्रं.
शहाण्णव खळग्यांची पट्टी, प्रत्येक खळग्यात एकेकाचा गुडघा.
आधी निळं होतं, आम्ल घातलं की पिवळं.
जितकं पिवळं तितकी झीज.
कूर्चेचा जो कण तुटून वाहत आला त्याला एक नाव आहे,
अर्धं अक्षरांचं, अर्धं आकड्यांचं,
कुणी पोराचं ठेवणार नाही असं.
दाह पेटवणाऱ्या रेणूला दुसरं.
मी ती नावं दिवसभर लिहितो.
वरच्या अंगाला कुणाचं तरी घर खचतंय,
हे खाली ओढ्याकाठच्या माणसाला
वाहत आलेल्या लाकडांवरून कळावं,
तसा माझा धंदा.

चारशे सतराची लाकडं पुष्कळ होती.
आणि कागदावर, वेदनेच्या रकान्यात,
शून्य ते दहामध्ये, तिने लिहिलं होतं: दोन.

मी डॉक्टर कोन यांच्याकडे गेलो.
त्या चष्मा पुसत म्हणाल्या, असं होतं, नारिता.
वंगण एक सांगतं, माणूस दुसरं.
म्हणून तर दोन्ही घेतो आपण.
आलेखावर तो ठिपका
सगळ्यांपासून लांब एकटाच बसला.

फेब्रुवारीत हिरोसाकीबाहेर, इवाकी डोंगराच्या पायथ्याशी,
मेव्हण्याच्या सफरचंदांच्या बागेत मी छाटणीला गेलो.
शेजारच्या बागेतली कासाई त्सुया चहाला आली,
पायात वेताचे बर्फजोडे, कमरेला करवत.
बसली नाही. बसलं की उठावं लागतं, म्हणाली.

आणि मग, मी काय काम करतो हे न विचारता,
विद्यापीठाची गोष्ट सांगू लागली.
गुडघ्यात सुई घालून पाणी काढलं हो,
आणि वर विचारतात, किती दुखतं, आकड्यात सांगा.
दुखण्याला काय वजनकाटा असतो?
मी दोन लिहिलं.
सात लिहिलं असतं
तर पोराने शिडीला कुलूप घातलं असतं.

मेव्हणा हसला. मी चहा ढवळत राहिलो,
त्यात साखर नव्हती.
चारशे सतरा हीच का? असेल, नसेलही.
अशा बायका ह्या डोंगराखाली किती.
विचारायचं नसतं. विचारलं नाही.

छाटणी आता का करतात, हे तिनेच सांगितलं.
बर्फ कमरेइतका साचतो
आणि आपण त्याच्यावर उभे, त्यामुळे फांद्या खाली येतात.
दोन महिने शिडी लागत नाही.
यंदा मात्र बर्फ कमी, बघ,
हात पुरत नाही.

टाच उंचावून तिने फांदी धरली.
गुडघ्यात काहीतरी वाजलं,
मला ऐकू आलं एवढं.
ती थांबली, बुंध्याला हात लावून,
ओळखीच्या माणसाला पुढे जाऊ द्यावं तशी.
मग करवत चालली.
भुसा बर्फावर पडला, जुन्या गवताच्या रंगाचा.

जखमेवर लावायचा लेप तिने डब्यातून बोटाने घेतला,
नारिंगी, चिकट,
लाकडाला फासला, बोट मागे घेतलं.
बोट आणि फांदी यांच्यामध्ये
एक तार आली.

सवयीने मी लांबी बघितली.