बारा गणवेश

बजेटमध्ये गणवेश बाराच बसले.
म्हणून अग्रिसने ठरवलं:
सकाळी हे बारा जण एका फौजेचे मुडदे,
जेवणानंतर कोट उलटे करून दुसऱ्या फौजेचे.
अस्तरं मीच शिवली.
कुर्झेमेच्या या रानात
ही काही फार मोठी चलाखी नाही.
माझ्या वडिलांचे दोन चुलते असेच,
एकाला यांनी ओढून नेलं, एकाला त्यांनी.
कोट मात्र ज्याचा त्याचा होता.

मी मेकअप करते.
सडलेल्या गालाची कृती हवी तर लिहून घ्या:
ओटची पेज, जिलेटिन, कॉफीचा चोथा.
रक्ताला बीट,
शाळेच्या स्वयंपाकिणीनं दिलेलं, फुकट.
थंडीत पेज लवकर वाळते, तडकते,
तेवढंच माझं काम कमी.
मेलेल्यांची तक्रार एकच, खाज सुटते.

सुतार इंगुस तीनदा मेला,
चौथ्यांदा उठताना त्याची कंबर धरली.
नॉर्मुंड्सला बायकोचा फोन आला
तर खड्ड्यातूनच बोलला,
"बटाटे काढायला घे तू,
मी अजून तासभर मेलेलाच आहे."

पाचव्या दिवशी उठण्याचा सीन.
खड्डा आणखी हातभर खोल हवा होता.
फावडं कशावर तरी वाजलं,
दगडावर वाजतं तसं नाही.
आधी एक बूट निघाला.
आमच्यापैकीच कुणाचा असेल म्हणून मी मोजले.
चोवीस भरले.
मग कळलं, बुटात पाय आहे,
पायाचं जे राहतं ते.

कमरेला बिल्ला होता, अक्षरं गंजानं खाल्लेली.
कोट मातीच्या रंगाचा.
कुठल्या बाजूचा, ते उलटून बघायला
कुणी धजलं नाही.

अग्रिस "बंद कर" म्हणाला नाही,
"चालू ठेव" असंही म्हणाला नाही.
इंगुसनं टोपी काढली. मग बाकीच्यांनी.
गाल लोंबणारे, ओठांवर बीट वाळलेलं,
बारा मुडदे मान खाली घालून उभे राहिले.
कुणाच्या तरी हनुवटीवरून
पेजेचा एक तुकडा टपकन् खाली पडला.
त्यानं वाकून उचलला,
आणि "माफ कर" म्हणाला.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे निर्मात्याचं रोजचं पालुपद.
त्या दिवशी मात्र तो बोलला नाही.
खाली हा कधीपासून पाय पसरून होता,
अंथरुणाशिवाय.

संध्याकाळी रीगाहून हाडं शोधणारी माणसं आली,
प्लास्टिकची खोकी घेऊन.
त्यांच्यातल्या बाईनं दात निरखले.
"विशीतला असेल," म्हणाली,
आणि माझ्याकडे हात धुवायला पाणी मागितलं.
बीट धुवायला मीही तेच पाणी वापरत होते.

सिनेमा लागला, दुसऱ्याच आठवड्यात उतरला.
आम्ही गेलो तेव्हा नऊ प्रेक्षक,
त्यातले सात आम्हीच.
मुडदे धावू लागले तसं मागे कुणीतरी हसलं.
बरोबरच आहे,
इंगुसचे रबरी गमबूट स्पष्ट दिसतात.

पण एका जागी साउंडवाल्या एल्मार्सनं
कुणाला न विचारता
त्या दुपारची शांतता घातली आहे.
अकरा सेकंद.
पाखरू नाही, वारा नाही,
बारा माणसांचे श्वास,
आणि शेवटी काहीतरी हलकं, ओलं, टपकन्.

मागचा तेव्हा गप्प होता.
किंवा त्याचे पॉपकॉर्न संपले असतील.