एकविसावं घर

वैनगंगेच्या अलीकडचा आमचा तालुका
नागपूरच्या तक्त्यात एक रिकामा रकाना होता.
खाली बारीक अक्षरात: नमुना अपुरा, अंदाज देता येत नाही.
म्हणून मला पाठवलं. अकरा महिन्यांचं कंत्राट,
पेट्रोलचे वेगळे मिळणार नाहीत,
आणि सोडतीनं निघालेली एक्केचाळीस घरं.

प्रश्न सोपा होता. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न किती?

यशोदा नैताम म्हणाली, वर्ष कुठून धरू?
मोहफुलापासून, का धान निघाल्यापासून?
तेंदूपत्त्याचे पुडके तिनं बोटांवर मोजले,
बोटं संपली तेव्हा
नातीची बोटं मागून घेतली.

इस्तारी मेश्राम मंडईपासून होळीपर्यंत
नाटकात राजा असतो. रात्रीचे आठशे.
उजाडलं की बांधावर.
“राजाचंच लिवा ना बाप्पा,
बांधावरचं का लिवता!”

पतिराम शेंडेनं बोडीतली मासोळी
विकली तेवढीच सांगितली.
मी विचारलं, आणि घरी खाल्लेली?
“खाल्ल्याचं बी उत्पन्न असते?” तो पोट धरून हसला.
असतं, म्हटलं, रकाना चौदा.
मी किलोचा भाव धरून गुणाकार करू लागलो,
पोरांनी वर्षभर काय खाल्लं त्याची किंमत
माझ्या पेनातून उतरताना बघून
त्याचं हसू हळूहळू थांबलं.

रात्री भाड्याच्या खोलीत
खाटेवर चिठ्ठ्या मांडल्या, कमीपासून जास्तीपर्यंत.
उशाशी सकरी पेंदाम, पायथ्याशी राईसमिलवाले.
मधली उचलायची. वरून वीस, खालून वीस.
मिलवाल्यांनी उद्या तिसरी मिल टाकली
तरी मधल्या चिठ्ठीला खबर लागत नाही.
हाच मध्यकाचा गुण, प्रशिक्षणात सांगितलं होतं,
टोकांचं तो ऐकत नाही.
सकरीचंही ऐकत नाही.
हे प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं.

एकविसावी चिठ्ठी भोयरांची निघाली.
शहाण्णव हजार चारशे.
दोघं भाऊ, एक पिठाची चक्की, तीन एकर धान,
थोरला दुधराम शाळेत खिचडीचं इंधन पोचवतो.
मला ते घर आवडून गेलं.
येता-जाता मी गाडी हळू करायचो,
सारा तालुका त्या ओसरीवर
तोल सांभाळून उभा आहे असं वाटायचं.
त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

मार्चमध्ये फेरतपासणीला गेलो
तर ओसरीच्या दुसऱ्या टोकाला नवी चूल.
माती अजून ओली.
“भांडन नाई जी,” धाकटी सून म्हणाली,
“मिठाचं जमे ना.”
पुस्तिकेत पान नववं:
एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब.
मी दोन फॉर्म भरले.
एक्कावन्न हजार. पंचेचाळीस हजार चारशे.
दोन्हीकडे चहा घ्यावा लागला.

बेचाळीस चिठ्ठ्या झाल्या, आणि बेचाळीसला मधलं घर नसतं.
भोयर दोघेही घसरून खाली गेले,
मधोमध उरल्या अंगणवाडीच्या मदतनीस बाई
आणि सायकलवर बांगड्या विकणारा गफूर,
त्यांची बेरीज, भागिले दोन:
चौऱ्याण्णव हजार दोनशे.
एवढं कमावणारं घर
माझ्या पिशवीत एकही नाही.

साहेबांचा फोन आला.
तालुका बावीसशे रुपयांनी खाली कसा आला?
पाऊस? रोग? कारण टाका.
मी पुन्हा बेरजा केल्या.
कोणाचा एक रुपया कमी झालेला नव्हता.
चक्की तशीच फिरत होती,
राजा तसाच पहाटे मुकुट पिशवीत घालून
बांधाकडे निघाला होता.

शेऱ्याच्या रकान्यात एका ओळीची जागा असते.
आधी लिहिलं, मीठ. मग खोडलं.
मग लिहिलं:
एक चूल वाढली.