ठिपका की तिरकी रेघ

नवतप्याचा चौथा दिवस.
गांधीबागेत, दुसऱ्या मजल्यावर
मशीनला एसी, मला कूलर.
मशीनचं यावर काही म्हणणं नाही,
माझं आहे, पण ते मी कागदावर घेतलं नाही.

कागदावर एवढंच:
पतसंस्था, सहाशे बारा माणसं, तेवढ्याच टपालपेट्या,
कप्प्यांना नावं कशी द्यायची, कुठे ठेवायचं,
नियम हवेत, सोमवारच्या आत.

आधी ठिपका.
कप्प्याच्या पोटातला कप्पा दाखवायला
जुना सर्व्हर मध्ये ठिपका द्यायचा.
कर्जविभागातल्या निखाडे बाईंनी आदराने
'डॉ. उमाठे' असा कप्पा उघडला
आणि सर्व्हरने तो मुकाट्याने फोडला:
वर 'डॉ', नुसता, रिकामा,
त्याच्या पोटात उमाठे,
पुढ्यात एक मोकळी जागा घेऊन.
बाई तीन दिवस विचारत होत्या,
माह्यावाले कागद गेले कुठी?
म्हणून ठिपका नाही. तिरकी रेघ.
नावातली टिंबं माणसांना परत.

मग 'पाठवलेले'.
फोनवर त्याचं एक नाव, संगणकावर दुसरं,
ब्राउझरमध्ये तिसरंच;
आपण काय बोललो होतो
ते माणूस तीन ठिकाणी शोधत बसतो.
आदेश हेडाऊ म्हणतो, राहू द्या ना मॅडम, चालून ऱ्हायलं.
चालून ऱ्हायलं हेच तर दुखणं आहे, बापा.

मराठी नावं चालतील, हे मी ठळक लिहिलं.
डिस्कवर ती मराठी राहत नाहीत.
पराते काकांच्या 'नंतर' या कप्प्याचं
आत गेल्यावर होतं
अँडची खूण, सी एस जी जे ए जी के के सी टी ए, आडवी रेघ.
मी दोनदा मोठ्याने वाचलं.
कूलरशिवाय ऐकायला कुणी नव्हतं.

आता जागा. कुणाची पेटी कुठल्या खणात.
आधीच्या माणसाने आडनावांचे गठ्ठे बांधले होते,
पहिल्या अक्षरावरून.
एक खण फुगलेला, एकात नुसती हवा.
कारण म्हणून मी तेवढंच लिहिलं.
दुसरं लिहिलं नाही:
आडनाव ऐकून
पाण्याचा ग्लास पुढे येता येता थांबलेला पाहिलाय मी,
तो हात, तो अर्धा सेकंद.
माझ्या डिस्कवर तो नको.
म्हणून क्रमांक. शेवटचे दोन अंक, शंभर खण,
खणात सहा माणसं, कुठे सात.
सदतीसमध्ये अध्यक्ष आले,
रात्रीचा चौकीदार आला,
इतवारी शाखेतली नवी मुलगी आली,
वैरागडे की कोण, मी बघितलं नाही.

पत्रं सगळी सुटी ठेवायची, एका पोथीत शिवायची नाहीत;
एक पान कुरतडलं की पोथी जाते.
पत्र आधी कच्च्यात उतरतं,
पूर्ण उतरलं की 'नव्या'त,
पेटीवाल्याने पाहिलं की 'चालू'त.
न पाहिलेलं नवंच राहतं,
कितीही वर्षं.

पराते काका पौषात गेले.
त्यांच्या नव्यात दोनशे सहा.
'नंतर'मध्ये एकोणीस, त्यातली अकरा
त्यांनी स्वतःलाच पाठवलेली.
मी उघडली नाहीत, विषय तेवढे दिसले:
गॅसची नळी.
मोहाडीचा भाचा.
डोळे.

एकशे ऐंशी दिवसांनी पेटी काढून टाकावी,
असं कलम अकरा सांगतं.
कलम अकरा मीच लिहिलंय, आज सकाळी,
चहा पिता पिता.
मी ते खोडलं नाही. 'घरच्यांना विचारून' एवढं वर घातलं,
ओळ लांबली, पानाबाहेर गेली,
पुढच्या पानावर एकटाच शब्द पडला: टाकावी.

तेवढ्यात कूलरचं पाणी संपलं.
मोटर नुसतीच फिरून ऱ्हायली.
बादली शोधायला उठले.