दाराला लावून उरलेला

डिसेंबरात पुंता अरेनासला
रात्री साडेदहापर्यंत उजेड हटत नाही.
म्हणजे 'आज उजेड गेला, उद्या बघू'
ही सबब ऐन कामाच्या दिवसांत
येर्कोला वापरता येत नाही.

तरी इतर आहेत.
सकाळी त्याने चुलीतली राख काढली.
मग ब्रश धुतले, जे धुतलेलेच होते.
मग बाटल्या लावल्या, आधी रंगांच्या क्रमाने,
आणि ते फारच शहाणपणाचं दिसायला लागलं म्हणून
उंचीच्या क्रमाने.
गेरूच्या ट्यूबचं झाकण घट्ट बसलं होतं,
ते पक्कडीने सोडवण्यात पाऊण तास गेला.
गेरू लागणारच नव्हता.

कॅनव्हास भिंतीला टेकून. नववा दिवस.
पहिल्या दिवशी तो नुसता कोरा होता.
आता तो पाहतो,
बँकेतला माणूस पाहतो तसा,
बोलत काही नाही, फाईल उघडी ठेवतो.

काढायचं काय, ते ठाऊक आहे. तीच तर पंचाईत.
पहाटेची सामुद्रधुनी,
पोर्वेनिरची फेरी सुटायच्या आधीची,
धक्क्यावर पाठमोरा भाऊ
ज्याने वळून पाहिलं नाही.
डोक्यात सगळं आहे, दोरखंडाच्या पिळापर्यंत.
डोक्यात ते इतकं चांगलं आहे
की हात लावायची छाती होत नाही.

बंदराच्या कचेरीत त्याचं एक जुनं चित्र आहे,
कारकुनाच्या मागे, कॅलेंडरच्या वर.
रांगेतले लोक ते बघतात
कारण तिथे बघण्यासारखं दुसरं काही नाही.
मागच्या महिन्यात तोही होता रांगेत, कसल्याशा पावतीसाठी.
वीस मिनिटं त्या हिरव्याकडे पाहत राहिला.
हा हिरवा आपण लावला?
कुठल्या धिटाईने? कुणाला विचारून?
अंगण वाकडं म्हणावं, तर
याच अंगणात नाचलं होतं की कुणीतरी
अकरा वर्षांपूर्वी,
त्याचेच बूट घालून.

दुपारी वाऱ्याने छपराचे पत्रे वाजायला लागले
आणि दारात शेजारची ओतिलिया कार्कामो,
रुमाल करकचून बांधलेला, हातात डबा.
"रंगारीच ना तू?
माझं दार रंगवून दे. निळा आणलाय. शिडी तुझी."
'चित्रकार' म्हणायला त्याने तोंड उघडलं
आणि शिडी उचलली.

दार जुनं. खरवडलं तर खाली पिवळा, राखाडी,
आणि सगळ्यात आत गुलाबी,
कुणाची हौस, ओतिलियालाही माहीत नाही.
त्याने डबा ढवळला आणि लावायला घेतलं.
आपल्याला जमेल का, असं विचारायचं राहूनच गेलं.
वरून खाली. मग कडा. मग बिजागऱ्या, जपून.
वाऱ्याने धूळ आणली, ओल्या रंगात बसली.
कुत्र्याचा एक केसही. बसू दे.
ओतिलिया माते पाजत राहिली, बोलत राहिली
तिच्या गेलेल्या नवऱ्याबद्दल, मेंढ्या कातरायचा तो,
की दर हंगामात पहिली मेंढी
तो हटकून वाईट कातरायचा.
ओरखडे, लोकर खालीवर, मालक शिव्या देतोय.
"मग?"
"मग काय. दुसरी आणायचा."

साडेआठ. ऊन अजून छपरांवर.
येर्को घरी आला.
ब्रशात दाराला लावून उरलेला निळा.
धुवायला हवा, तर टर्पेंटाइन संपलेलं,
सकाळी, स्वच्छ ब्रश धुण्यात.
चिंधी शोधली. चिंध्याही त्याने
घड्या घालून कुठेतरी फार नीट ठेवल्या होत्या.
मग ब्रश पुसला त्याने
जे समोर होतं त्यावर,
पाणी यायचं होतं तिथे नाही,
बरंच वर, आभाळात.

वाईट.
निळा चुकलेला, दाराचा निळा,
त्यात कुत्र्याचा केस.
तो मागे सरकला, खुर्चीला अडखळला,
शिवी हासडली, मालकासारखी.
सकाळी राख काढलेली चूल
पेटवायची राहूनच गेली होती.
बाहेर अजून दोन तास उजेड होता.