नीम

भुईकोटाच्या खंदकाकडेला बाकावर बसून
मी हे जुळवतोय. बखरीत शोधू नका.
चाळीस वर्षं साखर पेठेत तुटलेले धागे सांधले,
त्यातलाच हा एक, जास्तीचा.

किल्लेदाराचं नाव इझाक वाल्देरोन.
शिपायांच्या तोंडी झालं ईसाकखान वालदर.
गाव कुठलं, खानसाहेब?
नीम, तो म्हणाला.
सगळे हसले. झाडावरून पडला वाटतं!
त्यानंही हसून घेतलं.
समुद्रापलीकडच्या एका रेशमी गावाचं
असं इथे झाड झालं.

अकरा वर्षांचा होता.
राजाची एक सही, आणि त्यांची प्रार्थना गुन्हा ठरली.
घोडेस्वार घरात उतरले,
मागावर ओले बूट वाळत घातले,
फणी चुलीत गेली.
म्हणा, आमचाच मार्ग खरा.
आईनं म्हटलं. वडलांनी नाही म्हटलं.
वडील गेले साखळीनं, वल्ह्याला बांधलेले;
पोरगं दारूच्या रिकाम्या पिंपातून सरहद्दीपार.

मग डच जहाज, मच्छलीपट्टण, तोफेची वात,
डावा कान बहिरा,
चार धनी,
आणि उतारवयात हा काळा कोट,
ज्वारीचे हिशोब, तळ्यावरचे बगळे.

एक दिवस सुभ्याहून हुकूम आला:
विणकरांकडं बाकी थकली आहे.
वसूल होईतो त्यांच्या घरांत शिपाई उतरवावेत.

त्यानं सही केली.
इथं मी दोनदा उसवून पाहिलं. सही निघत नाही.

पण एका घरात तो स्वतः उतरला.
बूट बाहेर काढले.
रात्रभर भिंतीला टेकून बसला.
पहाटे पोशव्वा खड्ड्यातल्या मागावर बसली,
धोटा फेकला, आणि ताण्यातला धागा तुटला.
तिच्याआधी त्याचा हात गेला.
अंगठा, दोन बोटं, थोडी थुंकी,
खसखशीएवढी गाठ,
फणीतून सुळकन निघून गेलेली.
वातीनं करपलेली ती बोटं
पन्नास वर्षं गप्प होती.

कुणी शिकवली? तिनं विचारलं,
नेमकं डाव्या बाजूनं.
त्याला वाटलं, गाव विचारतेय.
नीम.

ती उठली. परसातल्या लिंबाची काडी मोडून आणली.
पहाटेचं माणूस आणखी काय मागणार?
तो उंबऱ्यावर बसून चावत राहिला,
उन्हं ओट्यावर येईतो,
काडीचा पार कुंचला होईतो.

शिपाई त्यानंतर किती दिवस राहिले
ते मला अजून सांधता आलेलं नाही.